पुढची सलग सीट

सिग्नलला गाडी थांबली की बाजूचा बाइकवाला हमखास वाकून बघतो. काच खाली करायची खूण करतो आणि विचारतो, "मॅडम, कुठल्या सालची? काय ओरिजिनल ठेवलीय यार!" मी "थँक्यू" म्हणते आणि सरळ समोर बघत बसते. सिग्नल लवकर सुटू दे रे देवा, असं मनात म्हणते. आणि लगेच वाटतं, या गाडीत बसून देवाचं नाव घ्यायचं, ते कुठल्या तोंडाने?

गाडी बाबांची. फिकट आकाशी रंगाची पद्मिनी. मी दुसरीत असताना त्यांनी ती त्यांच्या साहेबांकडून जुनी म्हणून घेतली. बाबा अंधेरीच्या एका औषध कंपनीत स्टोअरकीपर, आजोबा गिरणीत साचे चालवलेले, आणि आम्ही राहायचो वाकोल्याच्या गल्लीत, जिथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं. त्या गल्लीत गाडी! गावाकडचे नातेवाईक तोंडावर कौतुक करायचे आणि पाठ फिरली की हसायचे. बाबांना कळायचं सगळं. ते रविवारी सकाळी बादली घेऊन खाली उतरायचे आणि गाडी अशी पुसायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिला आता शाळेत पाठवायचंय.

तिची पुढची सीट सलग होती, बाकासारखी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे खाली पायाशी काही नाही, मोकळं. उजवीकडे बाबा, डावीकडे दाराशी आई, मध्ये मी. सीटबेल्ट वगैरे भानगड नव्हती. ब्रेक लागला की बाबांचा डावा हात गिअरवरून सुटायचा आणि माझ्या छातीपुढे आडवा यायचा. रस्त्यावरची नजर न काढता. मला इतकी सवय होती त्या हाताची की बसमधून जाताना ब्रेक लागला तरी मी वाट बघायचे.

वर्षातून एक दिवस मात्र माझी जागा जायची. पार्ल्याच्या एका गल्लीतल्या कारखान्यातून आमचा गणपती यायचा, शाडूचा, आणि तो मध्ये बसायचा. सीटवर पाट, पाटावर बाप्पा, तोंडावर लाल रुमाल. आई एका हाताने पाट धरायची, आणि ब्रेक लागला की बाबांचा हात त्याच्यापुढे आडवा. मी मागे, फुलांच्या पिशव्यांत. पहिल्या वर्षी मी भोकाड पसरलं होतं. बाबा म्हणाले, "वर्षातसून एक दिस त्याचो. बाकीचे सगळे तुझे." रागावले की आणि लाडात आले की, दोन्ही वेळेला बाबा मालवणीत शिरतात.

हे सगळं मला माहीत होतं. कुणी दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

बाबांचा डावा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना, आणि तो दांड्यावरचा गिअर तर वर ढकलावा लागतो. स्टिअरिंगही जड. गाडी कव्हर घालून वाकोल्यातल्याच आमच्या आताच्या सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहिली, आणि सेक्रेटरीने ग्रुपवर 'भंगार वाहने' म्हणून मेसेज टाकायला सुरुवात केली. त्या वर्षी गणपती आणला चुलतभावाच्या मोठ्या नव्या गाडीतून. बाबा मागच्या सीटवर रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. चुलतभाऊ बिचारा जपून चालवत होता, तरी प्रत्येक ब्रेकला बाबांचा हात जरासा उचलला जायचा आणि परत मांडीवर पडायचा. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "पुढल्या वर्साक मीच हाडतलंय. माझ्या गाडयेतसून. मग बस झाला." म्हणजे एकदा, शेवटचं, स्वतः आणणार आणि मग गाडी सोडणार. बाबा काही मागत नाहीत कधी. मागितलं ते एवढंच.

मी म्हटलं, बाबांना ती गाडी चालवता आली पाहिजे. बस्स. माझ्या मनाने घेतलं म्हणजे घेतलं.

जुन्या गाड्यांचं वेड मला बाबांकडून आलंय, पण माझं वेड बडबडं आहे. जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मी म्हणजे हेडमास्तरीण. कुणी जुन्या गाडीला चकचकीत अलॉय व्हील लावली की मी तुटून पडायचे. निळे दिवे लावले की विचारायचे, "गाडी आहे का लग्नाचा मांडव?" गाडीत नवं काय हवं ते घाला, पण तिचा स्वभाव बदलता कामा नये, हे माझं ठरलेलं भाषण. लोक टाळ्यांचे अंगठे टाकायचे आणि मी फुगायचे.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एकाचा गाळा आहे. शूटिंगला आणि लग्नाला जुन्या गाड्या तयार करून देतो. त्याचं एक पालुपद आहे, "मॅडम, बाहेरून आजी, आतून नात!" मला तो फार आवडला. आम्ही दोघांनी मिळून बेत केला. नवं इंजिन, हलकं स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, एसी. आणि गिअर खाली जमिनीवर, दोन बोटांनी पडेल असा, म्हणजे खांद्याला त्रासच नाही. त्यासाठी मधला पत्रा कापून उंच करावा लागणार होता. सलग सीट निघणार, दोन वेगळ्या बकेट सीटा येणार.

"चालेल?" त्याने विचारलं.

"रेक्झिन तेच हवं," मी म्हटलं. "तोच मरून रंग. कडेची पायपिंग पांढरी."

हे माझं उत्तर! आणि त्यावर मी किती छळलं त्या माणसाला. पायपिंग जरा पिवळट आली म्हणून उसवायला लावली. आकाशी रंग मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा मारून घेतला. एसीची तोंडं डॅशबोर्डच्या पोटात लपवली. मीटरची तबकडी तीच, हॉर्नचा आवाज तोच, दाराच्या कड्या त्याच. नव्या गिअरच्या टोकाला जुन्या गिअरची मूठ बसवून घेतली. ती बसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं नाही सांगत. गॅरेजवाल्याने तेव्हाच खाली बसून माझा फोटो काढला.

घरी मी काहीच सांगत नव्हते. सरप्राइज. एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "अगो, सीट तीच मां?"

"तेच रेक्झिन, तोच रंग. बाबा, तुम्ही आता लुडबुड करू नका हं."

"तसा न्हय, मी म्हणत होतंय की..."

"बाबा! मी बघतेय ना सगळं? माझ्यावर सोडा."

आई म्हणाली, "अगं, विचारतायत तर ऐकून तरी घे." मी तिच्यावरही खेकसले. बाबांनी डाळीत भात कालवला आणि गप्प जेवले. माझा आवाज चढला की बाबा गप्प होतात, आणि ते गप्प झाले की मला वाटतं मी जिंकले. कधी अक्कल येणार मला?

गणपतीच्या आधी गाडी घरी आली. मी व्हिडिओ काढत होते. बाबांनी आधी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला, हॉर्न वाजवून बघितला. मग दार उघडून आत बसले. नव्या गिअरकडे बघितलं. शेजारच्या सीटकडे बघितलं. म्हणाले, "बरी झाली." कोकणातल्या माणसाचं 'बरी' म्हणजे झकासच्याही वर, असं मी ग्रुपवर लिहिलं. नुसता पाऊस पडला अंगठ्यांचा.

आणि चालवायला लागल्यावर ते खूशही झाले. आधी हात सवयीने दांड्याकडे जायचा, मग खाली यायचा. कलिनाच्या रस्त्यावर त्यांनी तिसरा टाकला आणि हसले, "हलकी झाली हां!" आई मागे बसली होती, मला चिमटा काढून म्हणाली, "तोंड बघ कसं फुललंय." त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यात एक काम आपण धड केलं.

गणपती आणायला आम्ही तिघं निघालो. बाबा चालवतायत, इस्त्रीचा सदरा, टोपी. आई त्यांच्या शेजारी, मी मागे. पार्ल्यात गल्लीच्या तोंडापासूनच गर्दी. ताशे, टेम्पो, लोकांच्या डोक्यावर पाट. आमची गाडी शिरली आणि लोकांनी मोबाइल वर केले. मी काच खाली करून हसतबिसत होते. कारखानेवाल्यांनी दुरूनच हात केला, "आली का काका तुमची आकाशी!"

आई उतरली. कारखानेवाले बाप्पाला घेऊन आले, तोंडावर लाल रुमाल, दोन्ही हातांत जड पाट. इतक्या वर्षांची सवय, ते सरळ डाव्या दाराने आत वाकले. मध्ये ठेवायला. आणि तसेच वाकलेले राहिले.

"ताई," ते म्हणाले, "ठेवू कुठे?"

मी बघितलं. दोन सीटांच्या मध्ये गिअर उभा होता. त्याच्या टोकाला जुनी मूठ, चकचकीत पॉलिश केलेली.

  एवढे महिने मी त्या गाडीच्या प्रत्येक स्क्रूवर वाद घातला होता. गॅरेजवाल्याच्या घरीही गणपती, माझ्या घरीही गणपती, आणि आम्हा दोन शहाण्यांना एकदाही सुचलं नाही.

"लवकर बोला, हात भरून आले," कारखानेवाले म्हणाले.

मी म्हटलं, "आईच्या मांडीवर." आई बसायला गेली, पण बकेट सीट ती, खोलगट. तिचे गुडघे वर आले, पाट कलंडायला लागला, सोंड डॅशबोर्डला टेकतेय असं वाटलं. "अहो जपून! शाडूची आहे!" कारखानेवाले ओरडले. मग मागची सीट. तीही मीच नवा फोम घालून मागे झुकती करून घेतलेली, आरामशीर. पाट ठेवल्यावर बाप्पा छताकडे बघायला लागला. मागे लोक खोळंबलेले. कुणीतरी म्हणालं, "गाडी एक नंबर आहे मॅडम, पण बाप्पाला काय डिकीत टाकणार?" हशा पिकला. माझे कान तापले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याचं पुढचं-मागचं सगळं खानदान काढलं असतं. त्या दिवशी मी वाकून पाटाला हात दिला.

बाबा उतरले. डिकी उघडली. आत एक फळी होती, जुन्या पोथीच्या कापडात गुंडाळलेली. माळ्यावरच्या फडताळाची फळी, कापून, घासून, आणि पुढच्या कडेला मध्ये गिअरसाठी खाच पाडलेली. खाचेच्या कडा काचपेपरने गुळगुळीत केलेल्या. त्या खांद्याने. मी ऑफिसात असताना.

त्यांनी ती दोन सीटांच्या आतल्या कडांवर आडवी टाकली. बरोब्बर बसली! कारखानेवाल्यांनी बाप्पाला तिच्यावर ठेवलं, आई धावत जाऊन पलीकडे बसली, पाट धरला. लोक ओरडले, "मोरया!" मीही ओरडले, माझ्या जिवात जीव आला. बाबा बसले, गाडी सुरू केली, पहिला टाकला. गाडी हातभर पुढे गेली. दुसरा टाकायला त्यांनी गिअर मागे ओढला आणि तो फळीला अडकला. फळी हलली, बाप्पा हलला, आई किंचाळली, बाबांचा हात आडवा आला. गाडी बंद पडली. त्यांनी उभ्या गाडीत, गिअर न्यूट्रलला ठेवून माप घेतलं होतं. खाच थोडी कमी पडली.

पहिल्या गिअरवर वाकोल्यापर्यंत जायचं म्हणजे इंजिनाची वाट लागली असती, आणि खाच वाढवायला तिथे करवत कुठली? बाबांनी जरा वेळ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग उतरले आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षाला हात केला.

रिक्षाची सीट सपाट. मध्ये पाट ठेवला, इकडे बाबा, तिकडे आई. दोन मिनिटांत सगळं झालं.

मी रिक्षापाशी उभी होते. "बाबा," एवढंच म्हटलं. त्यांनी खिशातून चावी काढली, माझ्या हातात दिली. ओरडले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाले, "तू तुझी गाडी घेवन ये मागसून."

ती गाडी आमच्या घरात आजवर कधी 'तुझी' नव्हती, 'आपली' होती. आणि बाबा एकटे बोलले तर 'माझी'.

मी मागून निघाले. हायवेच्या कडेच्या रस्त्याला सगळी ठप्प गर्दी, रिक्षा पुढे, मी तिच्या शेपटीला. रिक्षाच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून मला लाल रुमालाचं टोक दिसत होतं. रिक्षावाला ब्रेक मारायचा तसा कचकन मारत होता, आणि दर ब्रेकला बाबांचा डावा हात पुढे आडवा येत होता. जेवढा वर जाईल तेवढा. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ते एक बरं. बाजूने दोन पोरं बाइकवरून गेली, अंगठा वर करून ओरडली, "झकास, मॅडम!" एसी चालू होता, अगदी थंडगार. मी रडत होते आणि लाजेने काच वर करून घेतली, कुणाला दिसू नये म्हणून.

घरी आरतीला बाबा नेहमीसारखे मोठ्या आवाजात होते. मी दाराशी उभी राहिले. नातेवाईक येत होते, खाली गाडी बघून वर येत होते आणि माझं अभिनंदन करत होते. 

विसर्जन झाल्यावर आईने सांगितलं. "त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं गं. आत बसले तेव्हाच. मी म्हटलं, तिला सांगा की. तर म्हणाले, चेडवान हौशीन केल्यान, तिचा मन नको मोडूक. मी बघतंय काय ता." आणि मग दुपारभर माळ्यावर ठाकठोक. चेडू म्हणजे मुलगी. पन्नाशीला आलेल्या मला बाबा अजून चेडू म्हणतात.

मी दुसऱ्या दिवशी तडक गॅरेजला गेले. जुनी सीट गाळ्याबाहेर होती, चार विटांवर ठेवलेली. कामगार तिच्यावर बसून डबा खात होते. "परत बसवता येईल?" मी विचारलं. गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. त्यालाही मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणाला, "पत्रा कापला ना मॅडम. जुना गिअरबॉक्स पण गेला भंगारात. आता सीट बसवली तर गिअर कुठे घालू?" मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पत्रा कापायला हो कुणी म्हटलं होतं?

सीट घरी आणली. बाबा म्हणाले, "ही हय कित्याक हाडलंस?" मी म्हटलं, आणली इथे, राहू दे, गॅलरीत ठेवू. आता ती तिथे असते. संध्याकाळी बाबा चहा घेऊन बसतात, उजव्या कडेला. आई डाव्या कडेला भाजी निवडते. मध्ये जागा आहे. मला कितीदा म्हणालेत दोघं, बस की. मी प्लास्टिकची खुर्ची ओढून घेते.

गाडीची चावी त्यांनी परत मागितली नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, चला ना, कलिनाला एक चक्कर मारू, तुम्ही चालवा." ते म्हणाले, "छान झाली हां तुझी गाडी. खराच छान झाली." मनापासून म्हणाले. मला तिथल्या तिथे पाताळात जावंसं वाटलं.

या वर्षी श्रावण लागला तसा त्यांनी नाक्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. मला कळलं ते आईकडून. मी गॅलरीच्या दारात उभी राहून विचारलं, "बाबा, मग मी काय करू?"

त्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघून हसले, अगदी प्रेमाने.

"तू?" म्हणाले. "तू ये मां तुझी गाडी घेवन. मागसून."